रक्तातला पातेरा

न्हानू गवसचा अंगठा गेली सतरा वर्षं दोन माणसांचं काम करत होता. एक स्वतः न्हानूचं आणि दुसरं त्याच्या बायकोचं, गुणवंतीचं. यात लपवाछपवी काही नव्हती. सगळ्या हुंबरणे गावाला ते ठाऊक होतं आणि हुंबरण्यात अशी आणखी वीसेक घरं तरी होती.

कारण काजू. गुणवंती विसाव्या वर्षापासून काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जात होती. काजूबीच्या टरफलात एक काळं तेल असतं. ते लागलं की कातडी भाजते, सोलवटते, काळी पडते. बायका हाताला राख लावतात, खोबरेल लावतात. कारखाना हातमोजेही द्यायचा, पण मोजे घातले की गर तुटतो, म्हणून मोजे खुंटीला आणि बायका कामाला. वीस-बावीस वर्षांतच गुणवंतीच्या बोटांवरच्या रेषा पार पुसून गेल्या. रेशनकार्ड घरातल्या बाईच्या नावावर, म्हणजे तिच्या; आणि दुकानातलं यंत्र तिचा अंगठा काही केल्या घेईना. शेवटी दुकानदार बाबी धुरीने एका शिबिरात तिच्या नावापुढे न्हानूचाच अंगठा चढवून दिला. तेव्हापासून न्हानूने अंगठा टेकवला की यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणायची, "गुणवंती नारायण गवस. ओळख पटली. धन्यवाद." नारायण म्हणजे न्हानूच. दुकानातली माणसं हसायची. न्हानू हसायचा नाही. तो तांदूळ उचलून घरी यायचा.

२०४३ साल उजाडलं, दोडामार्गाहून मडगावला विजेच्या बसगाड्या धावायला लागल्या, आंब्याच्या पेट्या उडत्या यंत्रांनी घाटावर जायला लागल्या. अंगठ्याचं यंत्र मात्र तेच राहिलं आणि त्यातली बाईही तीच.

न्हानू एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला. हात स्थिर, डोळा तीक्ष्ण आणि तोंड बंद. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण 'बरी दिसतंस' एवढे दोन शब्दही त्याच्या तोंडून गुणवंतीने ऐकले नव्हते. तिला एखादं लुगडं आवडलं, तर तो ते मुकाट्याने आणून खुंटीवर अडकवायचा आणि आपण त्या गावचेच नाही असा मागच्या दारी जाऊन बसायचा. मुलगा-सून मडगावला. घरात ही दोघं, एक गाय आणि मागच्या डोंगरावर काजूची बाग.

त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला बागेत दोन माकडं मरून पडली.

माकडताप त्या भागाला नवा नव्हता. जंगलातली गोचीड माकडाला चावते, मग माणसाला चावते आणि ताप येतो. काजूचा हंगाम आणि गोचिडीचा हंगाम नेमका एकच, त्यामुळे बी वेचायला गेलेलं माणूस ताप घेऊन यायचं. न्हानू आणि गुणवंती, दोघंही एकाच दिवशी आडवी झाली. आठ दिवस अंग फणफणलं, डोळे लाल झाले, आणि नवव्या दिवशी दोघांचाही ताप उतरला. गुणवंतीने उठून पेज केली. पूर्वी हाच आनंदाचा दिवस असायचा. पण या रोगाची खोड अशी, की तो गेल्यासारखा करतो आणि आठ-पंधरा दिवसांनी काहीजणांकडे परत येतो. त्या वेळी तो थेट मेंदूला हात घालतो. हात कापायला लागले, बोलणं अडखळलं, मान आखडली, तेव्हा कुठे घरच्यांना कळायचं. आणि तोवर जे जायचं ते गेलेलं असायचं.

म्हणून आता 'थेंब' आला होता. ताप उतरल्यापासून एकवीस दिवस रोज सकाळी बोटाचा एक थेंब कार्डावर द्यायचा.

ही कार्डं गोळा करायला आरोग्य उपकेंद्रातली आशाताई येई. तन्वी धुरी तिचं नाव, बाबीचीच पुतणी. पहिल्या दिवशी ती या दोघांच्या ओट्यावर बसली आणि तिने थेंबाची गोष्ट समजावली.

"काकू, सकाळी खळां झाडताना पातेरो बघतात मां?" तिने विचारलं. "कसलो पातेरो जास्त पडलो, तां बघून वर न बघताच कळता मां, फणस झडता की आंबो?"

"तां कळतलांच. पान बघल्यार झाड कळता," गुणवंती म्हणाली.

"तसांच रगातात."

अंगणात गळून पडलेली पानं बघून झाड ओळखायचं, गोष्ट खरोखर तेवढीच होती. शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा तोच एक लांबलचक धागा असतो. यकृतात तोच आणि मेंदूतही तोच. पण प्रत्येक अवयव आपल्याला नको असलेले भाग बंद करून ठेवतो. त्यासाठी धाग्यावर जागोजाग बारीक रासायनिक खुणा करतो. यकृताच्या खुणा वेगळ्या, मूत्रपिंडाच्या वेगळ्या. पेशी मेली की तिच्या धाग्याचे तुकडे रक्तात पडतात आणि तासा-दोन तासांत नाहीसे होतात. म्हणजे आज सकाळच्या रक्तात आज सकाळचीच पडझड असते, शिळी नसते. उपकेंद्रातलं शिवणयंत्राएवढं यंत्र ते तुकडे वेचायचं, त्यांवरच्या खुणा वाचायचं आणि सांगायचं, या माणसाचं यकृत आज किती गळलं, फुप्फुस किती, मेंदू किती. मेंदूची रेषा वर सरकली, की हात कापायच्या तीन-चार दिवस आधी कळायचं. त्या वेळी प्रतिपिंडांचं सलाईन लावलं, तर माणूस बहुतेक पूर्ण बरा व्हायचा. उशीर झाला, तर सलाईन तेच, पण गेलेलं परत येत नसे.

यंत्राला एक बंधन मात्र होतं. रक्त कोणाचं, हे त्याने वाचायचं नाही. लोकांच्या कुंडल्या सरकारी दप्तरात नकोत, म्हणून बऱ्याच भांडणांनंतर तसा कायदा झाला होता. कार्डावर जे नाव, ते नाव. दुपारी मोबाइलवर हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका यायचा.

पहिले तीन दिवस न्हानूने दोघांची बोटं टोचली. त्याचा हात हलका. स्वतःचं बोट त्याने निमिषात टोचलं, थेंब टपकन कार्डावर. गुणवंतीच्या बोटाशी मात्र तो अडला. भाजून भाजून कातडी कुठे राठ झालेली, कुठे कागदासारखी पातळ. राठ ठिकाणी सुई जाईना, पातळ ठिकाणी नुसती लस यायची, रक्त नाही. तिसऱ्या दिवशी चार बोटं टोचावी लागली. चौथ्या दिवशी त्याने सुई हातात घेतली, आणि गुणवंतीने हात पदराखाली ओढला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कारखान्यात गरम टरफलं हाताळताना कधी 'आई गे' न म्हणणारी बाई.

"नको ओ," ती म्हणाली. "रगात येना नाय, आनी झोंबता किती..."

न्हानू तिच्या पदराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रेशनाक काय करतंव आपण? तसांच करूया."

"चलतला?"

"दोघांकय एकाच दिवशी ताप इलो, एकाच डोंगरार. तुझां नि माझां येगळां काय आसतला?"

आणि त्याने आपल्या दुसऱ्या बोटाचा थेंब तिच्या कार्डावर टेकवला. गुणवंती डोळे पुसून हसली. "धन्यवाद," ती त्या यंत्रातल्या बाईच्या गोड आवाजात म्हणाली.

त्याच्या जन्मात त्याने केलेलं हे सगळ्यात प्रेमाचं काम होतं, असं मला वाटतं. आणि सगळ्यात चुकीचंही तेच.

रोज सकाळी न्हानूची दोन बोटं, दोन कार्डं. रोज दुपारी दोन हिरवे ठिपके. सरकारी कामात अंगठा लागतो, सही लागते, फोटो लागतो. हजेरी लागली की काम झालं, ही त्याची जन्माची सवय. थेंब हीसुद्धा त्याच्या लेखी हजेरीच होती. आणि हिरव्या ठिपक्याची गंमत अशी, की तो रोज बघून बघून न्हानूलाही खरा वाटायला लागला. आपणच लावलेला थेंब, आपणच फसवलेलं यंत्र, आणि दुपारी 'गुणवंती गवस – सर्व ठीक' असं आलं की त्याचाच जीव निवायचा.

तेराव्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. न्हानूने पाणी घालून खाल्ली आणि चकार शब्द काढला नाही. चौदाव्या दिवशी तिने मुलाला फोन केला, आणि तासाभराने पुन्हा लावून तेच सगळं पहिल्यापासून सांगितलं. मुलगा तिकडून हसला. पंधराव्या दिवशी चपलेत पाय घालताना तिचा पाय दोनदा हुकला. न्हानूच्या मनात कुठेतरी खट्ट झालं. त्याने मोबाइल काढून बघितला. हिरवा. तो गायीला गवत घालायला गेला.

सोळाव्या दिवशी रेशनचा तांदूळ आला.

दुकानात गर्दी नव्हती. सकाळी नवाचं ऊन, बाहेर बोंडूंचा, म्हणजे काजूफळांचा, आंबूस वास. बाबी धुरी गोणीवर बसून कान कोरत होता.

"न्हान्या, अंगठो," तो म्हणाला.

न्हानूने अंगठा टेकवला. यंत्राने क्षणभर विचार केला.

"गुणवंती नारायण गवस. ओळख पटली. धन्यवाद."

सतरा वर्षं तो हे ऐकत आला होता. आज मात्र त्याचा अंगठा काचेवरून उचललाच गेला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे आज सकाळचा चहा उभा राहिला. गुणवंतीने किटली कलती केली होती आणि चहा कपाच्या शेजारी पडला होता, सरळ धारेने, शांतपणे, आणि ती तो पडताना बघत होती. मग न्हानूने आपलं बोट टोचलं होतं. तिच्या नावावर. यंत्राला काय, ते म्हणणारच ओळख पटली म्हणून. अंगठा न्हानूचा आणि नाव गुणवंतीचं. उपकेंद्रातलं यंत्रही गेले तेरा दिवस हेच करत होतं. तेरा दिवस या पृथ्वीवर एका माणसानेही गुणवंतीच्या रक्ताकडे बघितलेलं नव्हतं.

त्याने अंगठा ओढून घेतला.

"काय रे? तांदूळ घे मरे," बाबी म्हणाला.

पण न्हानू रस्त्याला लागला होता. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, लुंगी वर खोचून, तो हुंबरण्याच्या चढावर धावत होता. लोकांना वाटलं, कुठे आग लागली.

गुणवंती मागच्या पडवीत बसली होती. समोर बोंडूंचं टोपलं, विळी बाजूला. उजवा हात तिने डाव्या हाताने घट्ट धरून मांडीवर दाबून ठेवला होता आणि तरी तो कापत होता. न्हानूला बघून तिने तो घाईघाईने पदराखाली घेतला.

"कधीपासना?" न्हानूने विचारलं. त्याला धाप लागली होती.

"परवापासना."

"मगे सांगलंस कित्या नाय?"

"मोबायलार हिरवां येता मां रोज," गुणवंती म्हणाली. तिचा एकेक शब्द सावकाश येत होता. "म्हटलां, माका उगीचच वाटता. तुमका कित्या घोर?"

थेंब कोणाचा ते तिलाही माहीत होतं. तीही विसरली होती. दोघांनी मिळून एक खोटं सांगितलं होतं आणि दोघांनीच त्याच्यावर विश्वास ठेवला होता. न्हानू तिच्याशेजारी मटकन बसला. त्याने तिचा कापणारा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि मग तिला उठवून शेजाऱ्यांच्या रिक्षात घातलं.

उपकेंद्रात तन्वी यंत्रात कार्डं भरत होती. न्हानूने दारातूनच सांगितलं, "तन्वी, तिच्या कार्डावरचो थेंब माझो हा."

"आजचो?"

"तेरा दिस."

तन्वीच्या हातातली कार्डं खाली पडली. "काकानू," ती ओरडली, "ह्यां काय रेशान हा?"

न्हानूने मान खाली घातली. एसटीत पस्तीस वर्षं नोकरी केली, कधी कोणाचं ऐकून घ्यायची वेळ आली नव्हती. आज पुतणीच्या वयाच्या मुलीने आणखी चार शिव्या घातल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं. पण तन्वी तेवढंच बोलली. तिने गुणवंतीला खुर्चीवर बसवलं, बोटांकडे एकदा बघितलं, आणि काही न विचारता कानाच्या पाळीला सुई लावली. थेंब लगेच आला. लाल, टपोरा. इतकी साधी जागा. तेरा दिवसांत कोणीतरी एकदा विचारायला हवं होतं, नाहीतर कोणीतरी एकदा सांगायला.

यंत्राला तीन तास लागायचे. ते तीन तास न्हानूने बाकावर बसून काढले. गुणवंतीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं होतं, चारचौघांत, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेच त्याला सगळ्यात भयंकर वाटत होतं.

एकच्या सुमाराला तालुक्याच्या रुग्णालयातून डॉक्टर आफरीन खतीब पडद्यावर आल्या. चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी कागद वाचला.

"मेंदूची रेषा पाचच्या आत असायला हवी," त्या म्हणाल्या. "एकतीस आहे. रुग्णवाहिका निघालीय. सलाईन इथे तयार ठेवते." मग जरा थांबून, "ही वाढ कधी सुरू झाली, हे मला कळायला हवं होतं. पण पहिल्या तीन दिवसांनंतरचं काहीच नाही माझ्याकडे."

हे त्यांनी न्हानूला उद्देशून म्हटलं नव्हतं. न्हानूला मात्र ते जन्मभर ऐकू येत राहणार होतं.

रुग्णालयात दुसऱ्या दिवशी गुणवंतीने डोळे उघडले नाहीत. नर्सने हाक मारली, डॉक्टरांनी हाक मारली. न्हानूला म्हणाले, तुम्ही मारा. न्हानू खाटेजवळ गेला. एकेचाळीस वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारलेली नव्हती. 'गे', 'अगे', 'ऐकलंस?' यावर संसार झाला होता. त्याने तोंड उघडलं, आणि नाव काही ओठांवर येईना. मग खाली वाकून, नर्सला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "गुणवंती." आणि पुन्हा, "गुणवंती, मी हय आसंय."

तिने डोळे उघडले नाहीत. तो दिवसभर तिथे बसून राहिला. कोणी चहा आणून दिला तो तसाच साय धरून निवला. त्याचेही अजून एकवीस दिवस पुरे व्हायचे होते, म्हणून नर्स रोज सकाळी त्याचा थेंब घ्यायची. तो बोट पुढे करायचा, आणि टोचलेलं त्याला कळायचंही नाही.

संध्याकाळी डॉक्टर आफरीन त्याच्याशेजारी येऊन बसल्या. त्यांच्या हातात जुन्या कार्डांच्या याद्या होत्या.

"न्हानूकाका, एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी," त्या म्हणाल्या. "यंत्र मोबाइलवर सहाच अवयव दाखवतं. बाकीचं सगळं 'इतर' नावाच्या रकान्यात टाकून देतं, आणि तो रकाना आम्ही कोणीच उघडत नाही. आज मी उघडला. काकूंच्या नावावर तेरा दिवस काय होतं माहितीये? प्रोस्टेट."

न्हानूला समजलं नाही.

"पुरुषांना असते ती ग्रंथी. तुमची थोडी वाढलीय, वयाने वाढते. यंत्र तेरा दिवस सांगत होतं, की या बाईच्या रक्तात पुरुषाचा अवयव आहे म्हणून. आमच्यापैकी एकानेही वाचलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तेव्हा सगळं ओझं तुम्ही एकट्याने उचलू नका. थोडं मलाही द्या."

एवढी शिकलेली बाई आपल्याशेजारी बाकावर बसून आपली चूक सांगते आहे, याचं त्याला नवल वाटलं. "तिच्या बोटांक झोंबत होतां ओ," तो कसाबसा म्हणाला. "म्हणान केलंय."

"माहितीये," डॉक्टर म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुणवंतीने डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग सलाईनच्या बाटलीकडे, मग न्हानूकडे. बराच वेळ बघितलं.

"गायीक पाणी कोण घालता?" ती म्हणाली.

न्हानू उठला, व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून मनसोक्त रडला.

मेंदूची रेषा एकवीसवर आली, बारावर आली, मग सातवर अडून बसली, आणि शेवटी चारवर. गेलेलं थोडं गेलंच. उजव्या हाताला बारीक कंप राहिला. बिया फोडायचं काम आता तिला जमणार नव्हतं. बोलताना एखादा शब्द हरवायचा आणि ती हवेत बोट फिरवून तो शोधायची. न्हानूने असा शब्द पुरवायला सुरुवात केली. मुका माणूस दिवसातून दहा-बारा शब्द बोलायला लागला, आणि शेजारच्या बायका ते ऐकायला कुंपणाशी यायला लागल्या.

घरी आल्यावर नव्याने एकवीस दिवस मोजले. रोज सकाळी तन्वी स्वतः यायची आणि गुणवंतीच्या कानाला सुई लावायची. न्हानू समोर बसून डोळ्यांत तेल घालून बघायचा, थेंब कोणाचा आणि कार्ड कोणाचं.

एकविसाव्या दिवशी डॉक्टर आफरीन हुंबरण्याला आल्या. पाऊस अजून लांब होता, खळ्यात फणसाचा पातेरा पडलेला. गुणवंतीने तन्वीला थांबवलं आणि हात पुढे केला.

"आज कान नको. बोट बघ."

दीड-दोन महिने तेल लागलं नव्हतं. काळी साल गळून गेली होती आणि आतून नवी कातडी आली होती, लहान मुलासारखी गुलाबी. नीट उजेडात धरलं तर तिच्यावर बारीक रेषाही उमटायला लागलेल्या दिसत होत्या. तन्वीने टोचलं. पहिल्याच टोचणीला थेंब आला. गुणवंतीने तो आपल्या हाताने, कापत्या हाताने, आपल्या नावाच्या कार्डावर टेकवला.

डॉक्टरांनी पिशवीतून एक कागद काढला. "काकू, हा तुमचा नाही. यांचा आहे. काका, तुम्ही रुग्णालयात असताना आमच्याकडे दिलेले थेंब. त्या दुसऱ्या दिवशी छातीत दुखलं होतं का?"

"नाय," न्हानू म्हणाला.

"दम लागत होता?"

न्हानूने खळ्याकडे बघितलं. "आठवना नाय."

"हृदयाची रेषा बघा." त्यांनी गुणवंतीसमोर कागद धरला. खाली सपाट चाललेली एक लाल रेषा मध्येच उंच चढली होती, आणि पुढे हळूहळू उतरली होती. "माणसाला फार मोठा घोर लागला, की कधीकधी हृदयाच्या स्नायूला खरंच इजा होते. थोड्या पेशी मरतात. म्हणून मी तेव्हा यांच्या हृदयाची पट्टी, ईसीजी, काढायला लावली होती. आता सगळं ठीक आहे, काळजी नको. तुम्ही डोळे उघडले, त्याच्या दुसऱ्या सकाळपासून रेषा खाली यायला लागली."

गुणवंतीने कागद हातात घेतला. कंपामुळे तो फडफडायला लागला, तेव्हा तिने तो मांडीवर ठेवून सरळ केला आणि त्या चढलेल्या टोकावर आपलं गुलाबी बोट ठेवलं. एकेचाळीस वर्षं ज्याची तिने वाट बघितली होती, ते तिथे लिहिलेलं होतं, तारखेसकट.

न्हानू कानापर्यंत लाल झाला होता. मागच्या दारी जाऊन बसायचा त्याचा बेत दिसत होता, पण तन्वी वाटेत बसली होती.

गुणवंतीने पदराने डोळे टिपले. मग मान कलती करून तिने नवऱ्याकडे बघितलं, आणि शब्द शोधायला तिला जराही वेळ लागला नाही.

"ह्यां रगात तुमचांच मां, ओ?" ती म्हणाली. "की हय पन दुसऱ्या कोणाचां लावलात?"

न्हानूने तिच्यापुढे अंगठा धरला.